अकरा नंबर दालनातलं सूप

"जगात कुठेही सूप उडू दे, माझ्या दालनात उडणार नाही!"

वीबे टर्पस्त्राने हे वाक्य सकाळच्या कॉफीच्या वेळी, म्युझियमच्या सगळ्या रखवालदारांसमोर, बिस्कीट कॉफीत बुडवलेलं असताना उच्चारलं. शेवटच्या शब्दावर त्याने इतका जोर दिला की तो संपेपर्यंत अर्धं बिस्कीट विरघळून कपाच्या तळाशी बसलं. वीबेने उरलेलं अर्धं तोंडात टाकलं, टोपी चढवली आणि तो अकरा नंबर दालनाकडे असा निघाला, की जणू तिथे त्याची बायकोपोरं वेढ्यात अडकली आहेत!

तसं पाहिलं तर अकरा नंबर दालनात होतं एकच चित्र. पण ते एक पुरेसं होतं! 'कालव्यावरचा रविवार.' साडेतीनशे वर्षांपूर्वी याच वेस्टरहूक गावच्या एका चित्रकाराने काढलेलं. गावचा कालवा गोठलाय आणि सगळं गाव बर्फावर उतरलंय. त्रेसष्ट माणसं, तीन कुत्री, आणि एक गृहस्थ झाडामागे जाऊन आपलं खासगी काम उरकताहेत. हे चित्र न पाहिलेला माणूस नेदरलँड्सच्या अख्ख्या फ्रीसलंड प्रांतात सापडणार नाही, कारण ते बिस्किटांच्या डब्यांवर आहे, टेबलावरच्या मेणकापडांवर आहे, आणि गावच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीतसुद्धा आहे. वीबे गेली सव्वीस वर्षं त्या चित्राशेजारी उभा होता. त्रेसष्ट जणांना त्याने नावं दिली होती. झाडामागच्या गृहस्थांचं नाव त्याने आपल्या मेहुण्यावरून ठेवलं होतं, पण ते घरी सांगितलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात मोठमोठ्या शहरांत भलताच प्रकार सुरू झाला होता. पृथ्वी तापतेय आणि कुणाचं लक्ष नाही म्हणून पोरंपोरी म्युझियममध्ये शिरत, नामांकित चित्रावर सूप ओतत, भिंतीला गोंदाने हात चिकटवत आणि भाषण करत. चित्राला काच असायची, त्यामुळे चित्राचं काही बिघडायचं नाही. रखवालदाराची मात्र शोभा व्हायची.

म्हणून वेस्टरहूकच्या म्युझियमच्या संचालिका ओडिलिया फान राइन यांनी खास आम्स्टरडॅमहून एक सुरक्षा तज्ज्ञ बोलावला. तज्ज्ञाने पडद्यावर चित्रं दाखवत आंदोलक ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या. अंगात जाड कोट, जवळ भांडं किंवा नळी, आणि चेहऱ्यावर घबराट.

"जानेवारी महिना आहे. फ्रीसलंडमध्ये जाड कोट कोणाच्या अंगात नसतो?" मागून कुणीतरी विचारलं.

"मग उरलेल्या दोन खुणांवर भर द्या," तज्ज्ञ म्हणाला आणि त्याने पुढचं चित्र लावलं.

वीबेने भर दिला! दुसऱ्याच दिवशी जाड कोटातला, घामेजलेला एक माणूस चित्राजवळ आला, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून छोटीशी नळी काढली. वीबे एकसष्ट वर्षांचा. पण मधली दोरी त्याने अशी ओलांडली, की बघणाऱ्याला वाटावं हा गेल्या जन्मी हरीण असणार!

"गोंद!"

"अहो, ओठांना लावायचं मलम आहे!"

"सिद्ध करा!"

बिचाऱ्याने मलम ओठांना चोपडलं.

"आता तोंड उघडा!"

त्याने उघडलं. वीबेने आत वाकून पाहिलं. "बंद करा. पुन्हा उघडा!"

आरडाओरडा ऐकून ओडिलियाबाई धावत आल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. कारण तो माणूस विमा कंपनीचा तपासनीस होता. चित्राची सुरक्षा पाहायला न सांगता आला होता! पण गंमत अशी की तपासनीस खूश झाला. अहवालात त्याने 'रखवालदार अत्यंत जागरूक' असं लिहिलं आणि 'अत्यंत'खाली दोन रेघा मारल्या. ओडिलियाबाईंनी वीबेचा हात हातात घेऊन दाबला. म्युझियमच्या मासिक पत्रकात त्याचा फोटो आला.

आणि इथेच सगळं बिघडलं.

फोटो आल्यापासून वीबे दालन सोडायलाच तयार होईना. जेवायच्या सुट्टीत त्याच्या जागी डौव नावाचा रखवालदार यायचा. डौव भला माणूस होता, पण त्याला एका कानाने ऐकू येत नसे आणि शब्दकोडं हातात आलं की दुसऱ्याही कानाने येत नसे. त्याच्या भरवशावर त्रेसष्ट माणसं आणि तीन कुत्री सोडून जायची? वीबेने डौवला सांगून टाकलं, "तू खाली बस. मी जेवतो माझं काय ते."

आता जेवायचं म्हणजे काय? त्याची बायको हिस्के दर रविवारी वाटाण्याचं सूप करायची. सुक्या वाटाण्याचं, सॉसेजचे तुकडे घातलेलं, असं दाट की त्यात चमचा उभा केला तर तो उभाच राहायचा, आणि पातेलं असं मोठं की गुरुवारपर्यंत घरात दुसरं काही शिजायचं नाही. दालनात खायला-प्यायला सक्त मनाई होती. मनाईची पाटी वीबेनेच चार स्क्रू लावून ठोकली होती! तरी त्याने रुंद तोंडाचा थर्मास गणवेशाच्या कोटात लपवून आणायला सुरुवात केली. दालनातल्या कॅमेऱ्याला न दिसणारी जागा एकच होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती जागा म्हणजे चित्राच्या डाव्या चौकटीला लागून दोन पावलं.

थोडक्यात, चित्राला सूपापासून वाचवणारा माणूस रोज साडेबारा वाजता चित्राला टेकून सूप प्यायचा!

तो गुरुवार होता. बाहेर तेरा अंश. जानेवारीत तेरा! कालव्यात बदकं पोहत होती आणि पुलावर एक माणूस आइस्क्रीम खात उभा होता. दालनात कुणी नव्हतं. वीबेने कोपऱ्यात सरकून थर्मास उघडला, पहिला चमचा तोंडात घातला, आणि तेवढ्यात दारातून खणखणीत आवाज आला.

"अरे वीबे! डावीकडची दाढ काय म्हणते?"

वीबेने चमचाभर सूप सॉसेजच्या तुकड्यासकट न चावता गिळलं. थर्मासवर झाकण ठेवलं, तो कोटात सारला, चमचा मागच्या खिशात खुपसला आणि वळला. झाकण ठेवलं होतं, फिरवलं नव्हतं. पण ही गोष्ट तेव्हा त्याच्या लक्षात आली नाही.

दारात रेन्स्के बोमस्मा उभ्या होत्या. गावच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. वेस्टरहूकमधल्या निम्म्या लोकांची तोंडं त्यांना नावापेक्षा जास्त ओळखीची.

"दाढ मजेत आहे, डॉक्टरीणबाई!"

"कसला वास येतोय रे? वाटाण्याचं सूप?"

"छे छे! म्हणजे... जुनी इमारत आहे. दुपारी वास सुटतो."

डॉक्टरीणबाईंच्या अंगात जाड कोट होता. काखेत मोठी पिशवी होती. चेहऱ्यावर घबराट होती. तिन्ही खुणा! पण वीबेच्या डोक्यात ट्यूब पेटली नाही. गेली वीस वर्षं त्या दोघांची भेट झाली की घाबरलेला चेहरा त्याचाच असायचा. आज त्यांचा आहे, हे ध्यानात यायचं कसं?

त्यांच्या मागे एक लांबडा तरुण होता. मोबाइल छातीशी धरून उभा.

"हे कोण?"

"हा ताइमन. ग्रोनिंगनला शिकतो. माझ्या... आमच्या मंडळातला आहे."

"काढा फोटो, काढा! फक्त फ्लॅश नको." वीबे मोकळेपणाने म्हणाला आणि डॉक्टरीणबाईंकडे झुकून कुजबुजला, "खरं सांगू? हल्ली माणूस आत आला की आधी त्याचे हात बघावे लागतात. जिवाला चैन नाही. तुमच्यासारखं ओळखीचं कुणी आलं की कसं बरं वाटतं! संशय घ्यावा लागत नाही."

डॉक्टरीणबाईंचे कान लाल झाले. "वीबे, तू फार भला माणूस आहेस रे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून सूपचा डबा काढला.

इथे एक सांगायला हवं. डॉक्टरीणबाईंनी ही मोहीम तीन महिने आखली होती. स्वयंपाकघरात अकरा वेळा तालीम केली होती. एक, डबा उघडायचा. दोन, उजव्या तळव्यावर गोंद. तीन, डाव्या हाताने सूप काचेवर. चार, तळवा भिंतीला. अटक होणार म्हणून पिशवीत दात घासायचा ब्रश, नवी पेस्ट आणि दातांत घालायचा दोराही घेतला होता. तालमीत सगळं फक्कड जमलं होतं, कारण तालमीतला डबा रिकामा आणि आधीच उघडलेला होता.

आता खरा डबा हातात आला, आणि त्याच्या झाकणाची कडी काही उचलली जाईना! चाळीस वर्षं लोकांच्या दाढा उपटून बोटांचे सांधे पार कामातून गेलेले. एकदा ओढलं. दोनदा ओढलं. मागून ताइमन ओठांनीच 'लवकर, लवकर' करत होता. मोबाइलवर थेट प्रक्षेपण सुरू झालेलं, आणि दोनशे बारा लोक एका बाईला डब्याशी झुंजताना बघत होते.

डॉक्टरीणबाई हताश झाल्या. त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

"वीबे, एवढं उघडून देतोस का रे?"

सव्वीस वर्षांत लोकांनी वीबेला काय काय उघडायला सांगितलं नव्हतं? पाण्याच्या बाटल्या, छत्र्या, पोरांच्या जाकिटांच्या अडकलेल्या चेन! त्याने सवयीने डबा घेतला, कडीत बोट घातलं आणि ओढलं. टक्क! झाकण निघालं. "हे घ्या," म्हणत तो डबा परत देणार, तेवढ्यात त्याची नजर डब्यावरच्या लेबलवर गेली. लेबलवर लालभडक टोमॅटो हसत होता.

"डॉक्टरीणबाई! हे सूप आहे!"

"हो."

"दालनात सूप आणायला मनाई आहे!"

"माहीत आहे. म्हणूनच आणलंय. दे इकडे!"

"देणार नाही!"

"अरे दे, गोंद वाळतोय!"

खरंच वाळत होता. टक्क आवाज ऐकल्याबरोबर डॉक्टरीणबाईंच्या हाताने तालमीप्रमाणे आपलं दोन नंबरचं काम करून टाकलं होतं. उजवा तळवा गोंदाने चकचकत होता.

"तुम्ही? तुम्ही त्यांच्यातल्या?" वीबेचा आवाज चिरकला. "माझ्या तोंडात वीस वर्षं हात घातलात तुम्ही!"

"वीबे, चित्राला काही होणार नाही, काच आहे! दोन मिनिटांचं काम आहे!"

"आधी माझ्या प्रेतावरून जावं लागेल!" वीबे ओरडला, टोमॅटोचा डबा एका हाताने उंच धरून तो गर्रकन चित्राकडे वळला आणि दोन्ही हात पसरून चित्राला आडवा गेला.

हात पसरले म्हणजे कोट उघडला. कोट उघडला म्हणजे थर्मास सुटला. चित्राच्या खालच्या चौकटीवर तो असा काही आपटला की झाकण एकीकडे गेलं आणि आतला ऐवज तोफेतून सुटावा तसा वर उडाला! ते पातळ, शहरी सूप नव्हतं. हिस्केचं सूप होतं. त्याचे शिंतोडे उडाले नाहीत. एक अखंड गोळा थाप्पकन काचेच्या मधोमध बसला, क्षणभर तिथेच विचार करत थांबला, आणि मग सावकाश खाली निघाला. आधी चर्च गेलं. मग पूल गेला. मग एकेक करत एकवीस माणसं आणि दोन कुत्री गेली. झाडामागचे गृहस्थ तेवढे वाचले.

वीबेच्या हातातला टोमॅटोचा डबा मात्र सरळ होता. त्यातला एक थेंब सांडला नव्हता!



"हे आपल्या प्लॅनमध्ये नव्हतं," ताइमन मोबाइलमागून म्हणाला.

"वीबे, काय केलंस हे!" डॉक्टरीणबाई किंचाळल्या.

वीबे चित्र पुसायला पुढे धावला. त्याचा पाय सॉसेजच्या तुकड्यावर पडला आणि एकदम हवेत गेला. पडणाऱ्या माणसाला धरणार नाही ती डॉक्टरीण कसली! रेन्स्केबाईंनी झेप घेऊन त्याचा हात पकडला. उजव्या हाताने. दोघंही चित्राखाली फतकल मारून बसले.

"सोडा हात," वीबे धापा टाकत म्हणाला.

"सुटत नाहीये."

"म्हणजे?"

"दहा सेकंदांत पक्का बसतो. उत्तम प्रतीचा आहे." बाईंचा आवाज खोल गेला. "मीच निवडला."

"बाई, भाषण!" ताइमन कळवळून म्हणाला. "चारशे लोक बघतायत!"

डॉक्टरीणबाईंनी डाव्या हाताने कसाबसा कोटाच्या खिशातून कागद काढला. चष्मा पिशवीत. पिशवी दाराशी. ताइमन मोबाइल हलवायला तयार नाही. बाईंनी कागद हातभर लांब धरला, जवळ आणला, डोळे बारीक केले. "आम्हाला या... या चिप्राशी... चित्राशी..."

वीबेला ते बघवेना. चष्मा विसरलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना चित्रांखालच्या पाट्या वाचून दाखवण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. त्याने डबा खाली ठेवला आणि मोकळा हात पुढे केला.

"आणा इकडे."

आणि तो खणखणीत आवाजात वाचू लागला! "आम्हाला या चित्राशी वैर नाही. चित्रावर सूप पडलं तर तुम्ही ओरडता. पृथ्वी तापते तेव्हा का ओरडत नाही? या चित्रातला बर्फ तुमच्या नातवंडांना दिसणार नाही..."

इथे तो थांबला.

"वाच की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हे खरंय हो," वीबे म्हणाला. कागद त्याने मांडीवर ठेवला. "माझी नात आहे, नीन्के. नऊ वर्षांची. चार वर्षांची झाल्यापासून दर नोव्हेंबरात मी तिला बर्फावर घसरायचे स्केट्स आणतो. दर वर्षी एक माप मोठे. शेडमध्ये खिळ्याला लटकवून ठेवतो, म्हणजे कालवा गोठला की लगेच हाताशी असावेत. मार्चमध्ये काढतो आणि देऊन टाकतो कुणाला तरी. पात्यांवर साधा ओरखडा नसतो. ती हॉलमधल्या मशीनच्या बर्फावर शिकलीय, तिकीट काढून. मी या कालव्यावरून शाळेत जायचो! उशीर झाला की मास्तर म्हणायचे, वारा उलटा होता वाटतं. तिला पहिल्यांदा इथे आणलं ना, तेव्हा ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, आजोबा, ही माणसं पाण्यावर कशी उभी आहेत?"

डॉक्टरीणबाईंनी नाक ओढलं. त्यांना रुमाल काढायचा होता, पण तो उजव्या खिशात होता आणि उजवा हात चिकटलेला.

दारात एव्हाना पाच-सहा माणसं जमली होती. त्यांतल्या एकाने टाळी वाजवली, आणि तेवढ्यात त्या टाळीला कापत ओडिलियाबाईंचा आवाज आला.

"वीबे टर्पस्त्रा! उठून उभा राहा!"

"उठता येत नाही, बाई," वीबे म्हणाला. "मी अडकलोय."

पंधरा मिनिटांत दोन पोलीस आले. त्यांतल्या थोराड पोलिसाने वही काढली. "सूप कोणी फेकलं?"

"यानं!" डॉक्टरीणबाई तावातावाने म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे मीच फेकणार होते! माझ्यावर गुन्हा लिहा!"

"हा डबा तुमचा?" पोलिसाने टोमॅटोचा डबा उचलून आत डोकावलं. "हा तर काठोकाठ भरलेला आहे."

"उघडलाय ना!"

"कोणी उघडला?"

"मी," वीबे खाली मान घालून म्हणाला.

"भिंतीला गोंद लावलात?"

"लावणार होते! हा मध्ये आला!"

पोलिसाने बराच वेळ पेन्सिल चावली. "बाई, भरलेला डबा बाळगणं हा गुन्हा नाही. आणि माणसाला चिकटणं... त्या माणसाची तक्रार असेल तर बघता येईल. काय हो, तक्रार आहे?"

वीबेने आपल्या हाताकडे पाहिलं, मग बाईंच्या चेहऱ्याकडे. "पडत होतो, तर सावरलं त्यांनी. तक्रार कसली?"

"मग तुम्ही जाऊ शकता, बाई. यांना मात्र ठाण्यावर यावं लागेल. सूप यांचं आहे."

"असं कसं? मी ब्रश आणलाय!" डॉक्टरीणबाई रडकुंडीला आल्या.

पण ठाण्यावर काय आणि घरी काय, दोघांना एकत्रच जावं लागणार होतं. आधी दवाखाना! दवाखाना गावच्या दुसऱ्या टोकाला. पोलिसांच्या गाडीत मागे एकाचीच जागा होती, दुसऱ्या जागेवर सायकलींची कुलुपं आणि सामान भरलेलं. तेव्हा वरात पायी निघाली. पुढे एक पोलीस, मागे दुसरा पोलीस, आणि मध्ये हातात हात घालून म्युझियमचा रखवालदार आणि निवृत्त डॉक्टरीणबाई. बाजारपेठेतून. गुरुवारच्या बाजाराच्या दिवशी! चीजवाल्याने चाकू हातात तसाच धरून ठेवला. एक म्हातारी म्हणाली, "अगंबाई! हिस्केला कळलं का?"

हिस्केला कळलं होतं. दवाखान्यात डॉक्टर कोमट साबणाच्या पाण्यात आणि खायच्या तेलात दोघांचे हात बुडवून बसला होता, तेव्हा ती सायकल दारातच आडवी टाकून आत घुसली.

"वीबे! सतरा जणांचे फोन आले मला! तुझा नवरा दातांच्या डॉक्टरणीचा हात धरून जमिनीवर बसलाय म्हणे!"

"चिकटलाय, हिस्के! धरलेला नाही!"

"नमस्कार, हिस्के," डॉक्टरीणबाई बिचकत म्हणाल्या. "तपासणीला बरेच दिवसांत आली नाहीस."

हिस्केने दोघांकडे एकदा निरखून पाहिलं. मग ती खुर्ची ओढून बसली. "ते राहू दे. मला एक सांग. थर्मासचं झाकण फिरवून लावायला किती वर्षं सांगतेय मी तुला?"

पाऊण तासाने हात सुटले. डॉक्टरीणबाई आपला तळवा बघत राहिल्या, वीबे आपला.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ देशभर फिरला. पण तो पाहणाऱ्याला काय दिसत होतं? एक गणवेशातला रखवालदार आंदोलकांचा डबा उघडून देतो, स्वतःचं सूप काढून चित्रावर मारतो, आंदोलक बाईंचा हात हातात घेतो, जाहीरनामा वाचतो आणि वर पदरचं भाषण करतो! दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा, 'रखवालदारही आंदोलनात!' आंदोलकांच्या मंडळाने 'आमच्या शूर साथीदाराला सलाम' असं पत्रक काढलं. वीबेने त्यांना फोन करून सांगितलं की मी साथीदार नाही. त्यांनी उत्तर दिलं, "समजलो. उघडपणे बोलता येत नसेल." आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी ओडिलियाबाईंनी त्याला खोलीत बोलावलं. वीबेने रात्रीच म्युझियममधल्या आपल्या कपाटाची किल्ली कड्यातून काढून ठेवली होती. ती त्याने टेबलावर ठेवली.

"चित्राला काही झालेलं नाही," ओडिलियाबाई म्हणाल्या. "चौकटीच्या नक्षीत एक वाटाणा होता. तो चिमट्याने काढला."

"हो, बाई."

"नियमाप्रमाणे तुला आजच काढायला हवं."

"हो, बाई."

"ते नातीचं... ते त्या कागदावर लिहिलेलं होतं?"

"नाही, बाई. ते माझं मलाच सुचलं."

ओडिलियाबाई खिडकीपाशी गेल्या. बाहेर कालव्यावर बदकांची शाळा भरली होती.

"माझ्या लेकीचे स्केट्स कित्येक वर्षं माळ्यावर पडून आहेत," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी तिचं लग्न झालं." मग एकदम वळून कडक आवाजात म्हणाल्या, "लेखी ताकीद मिळेल. दुपारचं जेवण म्युझियमच्या बाहेर, पुलापलीकडे. आणि किल्ली उचल. अकरा नंबरसमोर रांग लागलीय. लोक विचारतायत, ते सूपवाले काका कधी येतात?"

वीबे कॉरिडॉरमध्ये आला आणि भिंतीकडे तोंड करून त्याने डोळे पुसले. मग त्याला कॅमेरा आठवला आणि त्याने नाकही पुसलं, म्हणजे सर्दी वाटावी.

मार्चमध्ये एका रविवारी वीबे, हिस्के आणि नीन्के रेल्वेने दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरात गेले. तिथल्या नावाजलेल्या म्युझियममध्ये जहाजांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं आणि नीन्केला जहाजांचं वेड. वीबे मजेत होता. सव्वीस वर्षांत दुसऱ्याच्या म्युझियममध्ये निव्वळ बघ्या म्हणून जायची वेळ क्वचितच आली होती. दारातल्या रखवालदाराला त्याने, आपल्याच जातीचा माणूस दिसल्यावर करतात तशी, हलकेच मान लववली.

रखवालदाराने त्याच्याकडे पाहिलं. मग टेबलाखालच्या एका कागदाकडे पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडे.

"जरा बाजूला येता का?"

"का हो?"

"तुमचा फोटो आहे आमच्याकडे. देशात आजवर ज्यांनी ज्यांनी सूप फेकलं, त्यांची यादी आलीय आम्स्टरडॅमहून. तुम्ही चौथे आहात."

"अहो, मी स्वतः रखवालदार आहे!"

"तेही लिहिलंय. 'गणवेशात वावरतो, विशेष धोकादायक.'"

हिस्केने कपाळाला हात लावला. नीन्केने आजोबांकडे कौतुकाने पाहिलं. "आजोबा, चौथा नंबर!"

"तुम्ही दोघी जा आत," वीबे पडेल आवाजात म्हणाला. "मी बसतो इथे."

रखवालदाराने त्याला कोट काढायला लावला, हात वर करायला लावले, टोपी उलटी करून झटकली, छत्री उघडून पाहिली, बुटांचे तळवे तपासले. मग समाधानाने त्याने कोट परत दिला आणि बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं.

वीबे दोन पावलं चालला आणि थांबला. त्याच्यातल्या जुन्या रखवालदाराला काही राहवेना. त्याने घसा खाकरला.

"एक सांगू का? राग मानू नका," तो म्हणाला. "कोटाचा डावा खिसा बघायचा राहिला तुमच्याकडून."